खुब्याचं दुखणं, नागपूरची 21 किलोमीटर आणि यवतमाळचं फिजिओ क्लिनिक

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कशाचा कापला ते पुढं सांगतोच. क्लिनिकचं नाव इथं टाकत नाही कारण तिथल्या फिजिओ मॅडमला विचारलेलं नाही, ज्याला खरंच गरज आहे त्यानं मेसेज करा, पत्ता देतो.

मी दारव्हा तालुक्यातला, शेती करतो आणि सकाळी पळतो, चार वर्षं झाली. शकुंतला रेल्वेच्या जुन्या रुळाला लागून आमच्याकडून जो रस्ता जातो त्याच्यावर पहाटे साडेचारला निघायचं आणि उजाडता उजाडता घरी, मग गोठा, मग वावर. गाडी तर कधीचीच बंद पडली. डिसेंबरात नागपूरला 21 किलोमीटरची शर्यत होती, फी भरलेली, मागच्या वेळी 1 तास 52 मिनिटं लागली होती आणि यंदा 1:45 च्या आत यायचंच असं डोक्यात पक्कं बसलं होतं. पण सोयाबीन काढणीत तीन आठवडे पळणं जवळपास बंदच, ते भरून काढायला म्हणून मी आठवड्याच्या 25 किलोमीटरवरून एकदम 45 वर गेलो, आणि काढणीच्या दिवसांत जेवणाचंही काही खरं नव्हतं, सकाळी चहा नि दोन पोळ्या की संध्याकाळपर्यंत तेवढ्यावरच.

नोव्हेंबरच्या मध्यात उजव्या जांघेत आत कुठंतरी दुखायला लागलं. आधी पाचव्या किलोमीटरनंतर, मग तिसऱ्या, मग पहिल्याच पावलाला. थांबलो की दुखणंही थांबायचं म्हणून मनावर घेतलं नाही. मग मोटरसायकलवर टांग टाकताना कळ यायला लागली आणि मग रात्री कूस बदलतानाही.

आमच्याकडं कंबर, खुबा, जांघ सगळ्याला "कंबर धरली" एवढंच म्हणतात, त्यामुळं सल्लेही तसेच. गावातल्या एका जाणत्या माणसानं शीर चढली म्हणून गरम तेल लावून चांगलं रगडून दिलं. पळणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर अर्ध्यांनी सांगितलं भाऊ गोळी खा नि पळ, मेडल तर गळ्यात पडते, अर्ध्यांनी सांगितलं टेप लाव. एका दवाखान्यात एक्सरे काढला, तो नॉर्मल आला, स्नायू आखडला म्हणून इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या. गोळ्यांनी इतकं बरं वाटलं की चौथ्या दिवशी मी 12 किलोमीटर पळून आलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून उजवा पाय खाली टेकवला तर उभं राहता येईना, भिंत धरून मोरीपर्यंत गेलो. आई म्हणे, "काऊन रे बाप्पा, पाय काऊन ओढून रायला?" शर्यतीला तेव्हा 19 दिवस होते.

तेव्हा कुठं यवतमाळला या क्लिनिकमध्ये गेलो. मामेबहिणीनं सांगितलं होतं, ती आधीपासून तिथं जात होती, तिचंही पुढं लिहितो.

आता खरा रिव्ह्यू. मॅडमनं पहिली वीस मिनिटं पायाला हातसुद्धा लावला नाही, नुसतं विचारलं. किती पळता, कधीपासून वाढवलं, काय जेवता, बूट कधीचे, रस्त्याच्या कोणत्या बाजूनं पळता (डांबरी रस्ता कडेला उतरता असतो आणि रोज एकाच बाजूनं पळलं तर एका खुब्यावर जास्त भार येतो, हे मला चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं). दारू आहे का, कधी स्टेरॉइडच्या गोळ्या खाल्ल्या का, घरात कोणाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे का. मी म्हटलं मॅडम सिकलसेलचा नि पळण्याचा काय संबंध. तर त्यांनी सांगितलं की सिकलसेलच्या आजारात खुब्यातल्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तो गोळा आतून मरत जाऊ शकतो, आपल्या विदर्भात हा आजार भरपूर आहे, त्यामुळं जांघेत दुखणारा जवान पेशंट आला की मी हे विचारल्याशिवाय पुढं जात नाही. माझ्या लक्षात आलं की आमच्या ओळखीतला एक पोरगा तिशीच्या आत लंगडायला लागला होता, त्याचं हेच होतं. माझी शाळेतल्या शिबिरात तपासणी झालेली होती, निगेटिव्ह. तरी एवढं मुळापासून विचारणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं.

मग म्हणाल्या, दाखवा कुठं दुखतं. मी पंजा कमरेला धरला, अंगठा मागं आणि बोटं पुढं जांघेकडं, जसा आपण तांब्या गळ्याला धरतो तसा. त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, असा हात धरणाऱ्यांचं दुखणं बहुतेक खुब्याच्या सांध्यातलं निघतं दादा, तुमची कंबर नाही ही. उताणं झोपवून पाय सरळच ठेवून नुसता पोळपाटावर लाटणं फिरवावं तसा आत बाहेर फिरवला. आतल्या बाजूला फिरवल्यावर माझा श्वासच अडकला. मी मोबाईलवर पाहिलेलं की एका पायावर उडी मारून बघतात, म्हणून मी आपणहून उतरलो आणि उडी मारायला गुडघा वाकवला, तर त्यांनी पटकन दंडाला धरलं. "नाही दादा. उडी नाही. आज तर नाहीच."

तो हात मला अजून आठवतो.

त्यांनी एक्सरेच्या पाकिटावर पेनानं चित्र काढलं. मांडीचं हाड वर जाऊन वाकतं आणि त्याच्या टोकाला गोळा असतो, तो वाटीत बसतो. मधल्या वाकलेल्या तुकड्याला मान म्हणतात. पळताना सगळा भार त्या मानेवर. म्हणाल्या, बाभळीच्या फांदीला कोणी लोंबकळलं की वरची साल ताणली जाते आणि खालची दाबली जाते, तसंच इथं. हाडाला विश्रांती न देता भार वाढवला, वर पोटात अन्न कमी, तर बारीक भेग पडते. भेग खालच्या बाजूला असली तर भार काढून ती बहुतेक वेळा भरून येते. वरच्या बाजूला असली तर प्रत्येक पावलाला ती उघडते, कधी पूर्ण मोडेल सांगता येत नाही, म्हणून तिथं ऑपरेशन करून स्क्रू टाकतात. आणि मोडून हाड सरकलं तर त्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, मग जवान वयात सांधा बदलायची पाळी. सुरुवातीच्या दिवसांत अशी भेग एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. त्यांनी मला एकही सिटिंग दिलं नाही, मशीन लावली नाही, कुबड्या हातात दिल्या, एमआरआयची चिठ्ठी लिहिली आणि हाडाच्या डॉक्टरांना माझ्यासमोर फोन लावला. 300 रुपये घेतले. दुसऱ्या कोणी दहा सिटिंगचं पॅकेज गळ्यात मारलं असतं, आणि मी घेतलंही असतं.

एमआरआयला 5,500 गेले. कापूस घरात होता पण विकलेला नव्हता, त्यामुळं ते 5,500 जड गेले हे खोटं कशाला बोलू. रिपोर्टमध्ये भेग निघाली, खालच्या बाजूची, मानेच्या अर्ध्या रुंदीपेक्षा कमी. हाडाच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, ऑपरेशन नको, सहा आठवडे कुबड्या, उजव्या पायावर भार नाही, आणि पळायचं नाव तीन महिने तरी नाही.

एवढं सगळं ऐकूनही मी मॅडमला परत जाऊन विचारलंच, की मॅडम सोळा दिवस आराम करतो आणि शर्यत नुसती हळूहळू, दोन अडीच तासात, चालत पळत पूर्ण करतो. पळणाऱ्या माणसालाच कळेल मी काऊन विचारलं ते. चार महिने पहाटे उठलेला असतो, गावात सगळ्यांना माहीत असतं, छातीवर लावायचा बिब नंबर मेसेजमध्ये आलेला असतो. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ठरवायचं तुम्हालाच आहे, मी तुमचा पाय बांधून ठेवू शकत नाही, पण कशाच्या बदल्यात काय लावता ते बघा. शर्यत पुढच्या डिसेंबरात परत आहे. तुम्ही वावरात उभं राहणारे माणूस, फवारणीचा पंप पाठीवर घेणारे. आणि गोळी खाऊन पळणार असाल तर दुखणं हीच तुमची एकमेव घंटा आहे, तीच तुम्ही बंद करून निघताय.

मी विचारलं मग दुखत असताना कधीच पळायचं नाही का, तर म्हणाल्या तसं नाही, दुखणं कशाचं आहे त्यावर आहे. स्नायूचं किंवा स्नायूच्या टोकाचं असेल आणि दहापैकी तीनच्या वर जात नसेल, पळताना वाढत नसेल, चाल लंगडी होत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आधीच्यासारखं होत असेल तर जपून पळता येतं. हाडाच्या भेगेला हा हिशोब लागू नाही, तिथं शून्य म्हणजे शून्य.

आणि हे त्या नुसतं बोलत नाहीत, मामेबहिणीच्या बाबतीत मी डोळ्यांनी पाहिलं. ती पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना 800 मीटर असतं, त्याला 20 मार्क, एक मार्क इकडं तिकडं झाला तर पोरगी यादीच्या बाहेर, पुढची भरती कधी निघेल त्याचा भरवसा नाही आणि वय काही थांबत नाही. तिला खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायचं, जिथं हाड हाताला लागतं तिथं, त्या कुशीवर झोपता यायचं नाही. घरचे म्हणत होते सोडून दे. तिला मॅडमनं तपासून सांगितलं की हे बाहेरच्या स्नायूच्या टोकाचं दुखणं आहे, हाडाचं नाही, ग्राउंड (भरतीची मैदानी चाचणी) द्यायचं. फक्त चढावरचं पळणं आणि रोजचे स्प्रिंट बंद, आठवड्यात तीनच दिवस पळायचं, झोपताना दोन गुडघ्यांच्या मधात उशी, पायावर पाय टाकून बसायचं नाही, एका पायावर भार देऊन उभं राहायचं नाही. ती सगळ्यांच्या सांगण्यावरून तो खुबा ताणायचा व्यायाम रोज करायची, तोही बंद करायला लावला, कारण ताणल्यानं तिथं अजून दाब येतो, आणि ताकदीचे व्यायाम दिले. पोरगी पळाली, चांगली पळाली. मला म्हणे, "दादा, मले पळ म्हणते नि तुले नाई म्हणते, मंग समजून घे ना." त्या वाक्यानं माझं ठरलं. ज्या बाईनं हिला अडवलं नाही ती मला उगाच भीती घालत नाहीये.

शर्यतीच्या दिवशी सवयीनं चारलाच जाग आली. कुबड्या घेऊन ओट्यावर बसलो, थंडी होती, सहाच्या सुमारास ग्रुपवर फोटो यायला लागले आणि मी फोन उलटा करून ठेवला. वाईट वाटलं, खूप वाटलं. आई काही बोलली नाही, चहा आणून दिला नि बाजूला बसली.

आता अर्ध्या स्टारचं. क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला, लिफ्ट नाही. जिथं कुबड्यावाले आणि लकव्याचे म्हातारे येतात तिथं हे बरोबर नाही, एका आजोबांना दोघांनी खुर्चीसकट उचलून आणताना मी पाहिलं. मॅडमला सांगितलं तर म्हणाल्या खालची जागा शोधणं चालू आहे. दुसरं, अपॉइंटमेंट दिली तरी तास दीड तास बसावं लागतं, कारण त्या कोणालाच घाईत उरकत नाहीत. दुपारी एक ते पाच बंद, म्हणजे खेड्यावरून येणाऱ्यानं बारा वाजता पोचून उपयोग नाही. आणि मदतीला असलेला पोरगा येईल त्याला आधी शेकायची पिशवी लावून देतो, मॅडम बाहेर असताना मलाही लावत होता, मी नको म्हटलं. हे त्यांनी त्याला सांगायला पाहिजे.

व्यायामाचं मात्र एकदम छान. घरी काय आहे ते विचारून देतात. मला रबर बँड घ्यायला नाही लावला, जुन्या सायकलच्या ट्यूबवर सगळं करून घेतलं. सहा आठवड्यांनी कुबड्या सुटल्यावर आधी नुसतं चालणं, मग पायरी चढणं, मग एका पायावर उभं राहून कंबर एका बाजूला न झुकू देता गुडघ्यात हळूच खाली वाकणं. जेवणाचंही रोज लिहून मागायच्या, वरण, अंडी, दूध, शेंगदाणे, आणि व्हिटॅमिन डी तपासायला लावलं, ते कमीच निघालं. वावरात दिवसभर उन्हात राहणाऱ्याचं कमी निघालं याचं मला नवल वाटलं.

तेराव्या आठवड्यात गेलो तेव्हा त्यांनी परत पाय लाटण्यासारखा फिरवून पाहिला, काही दुखलं नाही. मग जमिनीवर उभं केलं आणि म्हणाल्या, दादा, आता मारा उडी. मी दोन मिनिटं नुसता उभाच राहिलो. मग मारली. त्यांनी दहा मोजल्या, बाहेर बसलेले पेशंट दारातून पाहत होते. मग कागदावर लिहून दिलं, 1 मिनिट पळणं 4 मिनिटं चालणं, असं पाच वेळा, एक दिवसाआड, सपाट रस्त्यावर, दुखलं की त्याच दिवशी फोन.

जायचं असेल तर दारव्ह्यावरून सकाळची पहिली एसटी पकडा, साडेनऊच्या आत नंबर लावा. शनिवारी गर्दी फार असते. जुना एक्सरे, रिपोर्ट जे असेल ते सोबत घ्या, आणि पळताना घालता तेच बूट घालून जा, त्या तळवा उलटून बघतात.