होमकेअर ब्युरोचा अनुभव: मावशी उत्तम, पण नोंदणीचं काय?

सासूबाईंना पॅरालिसिसचा अटॅक आल्यावर घरी २४ तास माणूस हवं होतं म्हणून पुण्यातल्या एका ब्युरोकडून मावशी घेतल्या. मावशी खरंच गुणी आहेत. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा-कंबर लाल होतायत का बघायचं, भरवायच्या आधी नीट उठवून बसवायचं, सगळं न सांगता करतात, बेडसोर अजिबात झाला नाही. त्यांना पाचपैकी पाच.

ब्युरोला तीनच. फोनवर "ट्रेन्ड नर्स पाठवतो" म्हणाले, रेटही नर्सचाच लावला, मी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मागितला तेव्हा कबूल केलं की या केअरटेकर आहेत, मग रेट खाली आला. एएनएम किंवा जीएनएम (नर्सिंगचे कोर्स) झालेल्या सिस्टरकडे हा नंबर असायलाच हवा, इंजेक्शन किंवा नाकातली नळी असेल तर तो बघितल्याशिवाय पेशंटला हात लावू देऊ नका.

केअरटेकरसाठी मात्र आपल्याकडे असं रजिस्टरच नाही. जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स असतो, पण ते सर्टिफिकेट म्हणजे लायसन्स नव्हे. डॉक्टर-नर्स सोडून इतर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या नोंदणीसाठीच्या २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात मेडिकल सोशल वर्कर आले, या मावश्या नाही आल्या. होमकेअर देणाऱ्या संस्थांच्या नोंदणीचं बिल डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं होतं, त्याचा कायदा झालाच नाही. म्हणजे एखादीने पेशंटला मारलं आणि ब्युरोने गुपचूप काढून टाकलं तर ती उद्या शेजारच्या सोसायटीत कामाला लागू शकते, तक्रारच नसेल तर पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये काय सापडणार? ब्रिटनमधल्या वेल्समध्ये २०२० पासून एजन्सीतर्फे घरोघरी जाणाऱ्या केअर वर्करला सोशल केअर वेल्स या तिथल्या नियामक संस्थेकडे नाव नोंदवावंच लागतं, ते कुणालाही ऑनलाइन बघता येतं, आणि चौकशीत गंभीर दोष आढळला तर नाव काढून टाकतात.

आणि यात मावशींचंही नुकसानच आहे हो. एवढी वर्षं पेशंट सांभाळले पण ब्युरो बदलला की परत नवशिक्याचा रेट, कारण अनुभव कुठे लिहिलेलाच नाही. मला तर याचाच जास्त राग येतो.

ब्युरो ठरवताना मागच्या दोन घरांचे फोन नंबर मागा आणि स्वतः फोन करा, आम्हाला मागितल्यावर लगेच मिळाले, तेवढ्यासाठी एक स्टार जास्त दिलाय.