१०८९ की ६१७४?

दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या वहिनी विचारत होत्या, चौथीतल्या लेकीला गणिताची गोडी लागावी म्हणून १०८९ची गंमत दाखवू की ६१७४ची?

झटपट हवं तर १०८९. तीन अंकी आकडा घ्या, समजा ७३२. उलटवून (२३७) वजा करा, ४९५. तो उलटवून मिळवा, १०८९ हजर! फक्त पहिला आणि शेवटचा अंक वेगळा हवा, आणि वजाबाकी ९९ आली तर ०९९ लिहायचं. मुलं तिथेच अडतात. दोन-तीनदा केलं की मात्र नवल ओसरतं.

६१७४ला मेहनत जास्त. आम्ही स्कूटरच्या पाटीवरचा २३४१ घेतला. अंक उतरते आणि चढते मांडून वजा करत जायचं: ४३२१ − १२३४ = ३०८७, ८७३० − ०३७८ = ८३५२, ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही करा, तोच! चारही अंक सारखे नसले की फार तर सात पायऱ्या. ‘तुझ्या किती झाल्या?’ ही चढाओढ तासभर चालते आणि हातच्याची वजाबाकी न सांगता पक्की होते. शिवाय हे १९४९ साली मांडलं ते देवळालीच्या एका शाळामास्तरांनी, द. रा. कापरेकरांनी. मुलांना हे जरूर सांगावं.

वाढदिवसाच्या घोळक्यात किंवा वजाबाकी कच्ची असेल तर १०८९. वही-पेन्सिल घेऊन रमणाऱ्या मुलीला ६१७४च. वहिनींच्या लेकीला मी तोच दिला.