दुरून चालवलेला एसईएम : पैसे वाचतात, फोकस रडवतो

एसईएम म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. दूरच्या प्रयोगशाळेतला हा मायक्रोस्कोप आम्ही इथे बसून इंटरनेटवरून चालवतो. परवाच्या सत्रातला अर्धाअधिक वेळ पुन्हा फोकस लावण्यात गेला आणि बिल पूर्ण तासाचं आलं. म्हणून लिहितोय.

लातूरला आमच्या कॉलेजात एसईएम नाही, येण्याची चिन्हंही नाहीत. पूर्वी सॅम्पल घेऊन रात्रीच्या गाडीने जायचं, लॉजवर राहायचं आणि ऑपरेटर देईल तेवढे फोटो घेऊन परतायचं. आता सॅम्पल कुरिअरने जातं. तिकडचे ऑपरेटर ते कार्बन टेपवर लावतात, सोन्याचा थर देतात आणि व्हॅक्यूम झाला की ताबा आमच्या कॉम्प्युटरवर येतो. भाडं-लॉजचा हिशेब धरला तर हे कधीही स्वस्त.

एक्सआरडीसाठी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्यासाठी) मात्र या भानगडीत पडू नका. पावडर पाठवा, फाइल मागवा, विषय संपला. एसईएममध्ये सगळा खेळ हाताचा. ॲस्टिग्मॅटिझम (इलेक्ट्रॉनचा बीम नीट गोल नसल्याने चित्र ताणलं जाण्याचा दोष) काढताना फोकस मागेपुढे हलवावा लागतो. अलीकडे कण एका दिशेने ताणलेला दिसतो, पलीकडे त्याच्या काटकोनात. बरोबर मध्ये थांबून स्टिग्मेटर, म्हणजे हा दोष काढणारं नियंत्रण, फिरवायचा. चित्र अर्धा सेकंद जरी उशिरा आलं तरी तो मध्य हाती लागत नाही. झिंक ऑक्साइडच्या नॅनोरॉड्सवर ५०,००० पट मॅग्निफिकेशनला तर जीव मेटाकुटीला येतो.

वाय-फाय सोडून वायर लावली. उशीर कमी झाला, धूसरपणा तसाच. मग सेव्ह झालेली टिफ फाइल उघडली, तर ती स्क्रीनपेक्षा कितीतरी स्वच्छ! म्हणजे मशीन उत्तम आहे. जलद स्कॅनचं चित्र दाणेदार असतं आणि रिमोट डेस्कटॉप ते पाठवताना दाबतं (कॉम्प्रेस करतं), त्यात बारीक कडा पुसल्या जातात. नेमक्या त्याच कडांवरून आपण फोकस ठरवत असतो. तेव्हापासून स्कॅनची चौकट अगदी लहान करतो. तेवढ्याच वेळात सावकाश स्कॅन बसतो, दाणे घटतात. हव्या त्याच्या दुप्पट मॅग्निफिकेशनला फोकस लावून मग खाली येतो. ॲव्हरेजिंग (अनेक चित्रांची सरासरी काढणं) टाळतो, त्याने उशीर परत वाढतो.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने १९९९ मध्ये बगस्कोप सुरू केला, तेव्हा शाळेतली मुलं किडे पाठवून वर्गातूनच ब्राउझरवर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवायची. किड्याच्या डोळ्याला इतका नाजूक फोकस लागत नाही, मान्य. पण आज पैसे मोजणाऱ्या संशोधकाला थेट चित्रासाठी वेगळी, न दाबलेली वाट मिळायलाच हवी.

तरी सोडणार नाही. आमच्या एमएस्सीच्या मुली आता स्वतः स्टेज हलवतात, कुठला भाग टिपायचा ते स्वतः ठरवतात. लॉजवर राहून हे कधीच जमलं नव्हतं.

बुकिंगआधी दोन गोष्टी विचारा. सत्रभर ऑपरेटर फोनवर असतील का? आणि तास कधीपासून मोजतात, सॅम्पल आत गेल्यापासून की बीम सुरू झाल्यापासून? आमच्याकडे व्हॅक्यूमचा वेळही आमच्याच माथी. त्याबद्दल प्रयोगशाळेला पत्र दिलंय, उत्तर यायचंय.