निन्टेंडो स्विचसाठी ‘तयार गेम अकाउंट’ घेऊ नका: आमचे पैसे कसे गेले

घरात नुकताच निन्टेंडो स्विच, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचा कन्सोल, आला असेल आणि इन्स्टाग्रामवर ‘एकाच अकाउंटमध्ये ४५ गेम्स, परमनंट, लाइफटाइम वॉरंटी’ अशी जाहिरात दिसली असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. आमचे ३,५०० रुपये गेले. रक्कम फार मोठी नाही म्हणून बहुतेक लोक गप्प बसतात. त्या गप्प बसण्यावरच या मंडळींचा धंदा चालतो, म्हणून मी सगळं सविस्तर लिहिते आहे.

२०२४ च्या मे महिन्यात लेकीचा दहावीचा निकाल लागला आणि तिच्या मामाने कबूल केल्याप्रमाणे दुबईहून स्विच आणला, ओएलईडी मॉडेल. त्यासोबत गेम मात्र नव्हता, तो वेगळा घ्यावा लागतो. आपल्याकडच्या लोकांची पंचाईत इथूनच सुरू होते. निन्टेंडो भारतात स्विच अधिकृतपणे विकत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन जे मिळतं ते बाहेरून आणलेलं असतं. कंपनीचं ऑनलाइन दुकान, म्हणजे ईशॉप, तेही भारतासाठी नाही. खातं काढताना अमेरिका किंवा दुसरा एखादा देश निवडावा लागतो आणि तिथे आपल्या बँकेचं कार्ड पुष्कळदा चालत नाही. त्यात किंमत. कंपनीच्या बहुतेक मोठ्या गेम्सची अमेरिकेतली किंमत तेव्हा ५९.९९ डॉलर, म्हणजे सुमारे पाच हजार रुपये होती. गेम जुना झाला तरी ती फारशी उतरत नाही.

लेकीने तीन नावं लिहून दिली होती: ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स, मारिओ कार्ट ८ डिलक्स आणि झेल्डा मालिकेतला ब्रेथ ऑफ द वाइल्ड. बेरीज पंधरा हजारांच्या घरात. नवा कन्सोल आला की घरोघरी हाच हिशेब मांडला जातो, आणि हे विक्रेते नेमके तिथेच गळ टाकून बसलेले असतात.

जाहिरातीत ४५ गेम्सच्या मुखपृष्ठांचा एक मोठा चौकोन होता. आमचे तिन्ही गेम त्यात होते. खाली ग्राहकांचे ‘थँक यू भाई’ असे चॅटचे फोटो, हजारांत फॉलोअर्स. बोलणं मात्र टेलिग्रामवर. मी मराठीत विचारलं तर तो मराठीतच बोलू लागला. “ताई, हे भाड्याचं नाही. परमनंट आहे. एकदा टाकलं की विषय संपला.” मी विचारलं, इतकं स्वस्त कसं? “ताई, आम्ही सेलमध्ये बल्कला घेतो.” यूपीआयवर पैसे पाठवताना भलतंच नाव आलं. त्यावर उत्तर तयार होतं: “ते आमच्या अकाउंटंटचं आहे.” प्रत्येक शंकेवर इतकं झटपट, इतकं सरावाचं उत्तर मिळणं हीच मला आता सगळ्यात मोठी खूण वाटते. खऱ्या दुकानदाराला कधीतरी विचार करावा लागतो.

पैसे पोचल्यावर ईमेल आणि पासवर्ड आला, सोबत सूचनांची यादी. कन्सोलवर आमच्या खात्याचं नवं प्रोफाइल टाका. त्यातून गेम डाउनलोड करा. खेळताना मात्र तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलवरून खेळा. पासवर्ड बदलू नका, ईमेल बदलू नका, नाहीतर वॉरंटी जाईल. आणि शेवटची सूचना, जी सगळ्यात महत्त्वाची निघाली: खेळताना शक्यतो एअरप्लेन मोड चालू ठेवा, “बॅटरी जास्त टिकते.”

गेम डाउनलोड झाले आणि चाललेही. लेक सुट्टीभर ॲनिमल क्रॉसिंगमध्ये रमली. हा गेम खऱ्या घड्याळाप्रमाणे चालतो. आपलं एक बेट असतं, त्यावर शेजारी राहायला येतात, झाडं लावायची, घर बांधायचं. रविवारी सकाळी सलगम विकत घ्यायचे आणि आठवड्याभरात भाव बघून विकायचे, पुढच्या रविवारपर्यंत राहिले तर सडतात. तिने साठवलेली सगळी नाणी एका रविवारी सलगमात घातली होती. त्या आठवड्यात तिच्या मैत्रिणीला घरी बोलावून दोघी मारिओ कार्ट खेळणार होत्या, म्हणून अपडेटसाठी कन्सोल वायफायला जोडला. गेम सुरू होईना. चौकटीवर टिचकी मारली की हा गेम चालवण्याचा अधिकार या कन्सोलला नाही अशा अर्थाची सूचना. एकाचा नाही, ४५ च्या ४५ गेम्सचा.

विक्रेत्याला लिहिलं. तो म्हणाला, “सर्व्हर अपडेट आहे, रिन्यूअलचे ८०० रुपये लागतील.” परमनंट होतं ना, असं विचारल्यावर तो म्हणाला की प्रोफाइल डिलीट करून पुन्हा टाका, सगळी प्रोफाइल्स काढा, मी नवा कोड पाठवतो. माझ्या नवऱ्याने तिथे लेकीचा हात धरला, आणि ते किती बरं केलं हे पुढे येईलच. आम्ही पैसे परत मागितले तेव्हा त्याचा सूर एकदम मऊ झाला. “ठीक आहे ताई, फुल रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका.” हे मोठ्या अक्षरात लक्षात ठेवा: यूपीआयवर पैसे घेण्यासाठी कधीही क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन तर टाकावाच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. ३,५०० वर त्याचं समाधान नव्हतं. आम्ही स्कॅन करत नाही म्हटल्यावर काही मिनिटांत अख्खं संभाषण आमच्या फोनवरून नाहीसं झालं. टेलिग्रामवर समोरचा माणूस दोन्ही बाजूंचं चॅट पुसू शकतो.

आता हे कसं चालतं ते सांगते, कारण ते समजलं की पुढची कुठलीही नवी जाहिरात ओळखता येते. ईशॉपवर घेतलेला गेम कन्सोलच्या मालकीचा नसतो, तो निन्टेंडोच्या खात्याला जोडलेला असतो. त्या वेळच्या रचनेत एका खात्याचा एकच ‘प्रायमरी’ कन्सोल असे. त्या कन्सोलवर इंटरनेट नसतानाही आणि कुठल्याही प्रोफाइलवरून गेम चालत. बाकीच्या कन्सोलवर तेच खातं वापरायचं तर इंटरनेट हवं आणि खुद्द त्याच प्रोफाइलवरून खेळायला हवं. खातेदार निन्टेंडोच्या वेबसाइटवरून प्रायमरीची नोंद काढूनही घेऊ शकत होता. विक्रेता आपल्याला प्रायमरी करून देतो, काही काळाने ती नोंद काढतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला देतो. भाड्याच्या खोलीची एकच किल्ली पाच जणांना विकावी तसं. आपला कन्सोल एअरप्लेन मोडवर असेपर्यंत त्याला हे कळत नाही आणि गेम चालत राहतात. बॅटरीचं कारण त्यासाठी होतं. तेवढ्या वेळात ‘थँक यू भाई’चे फोटो जमा होतात. ते फोटो बहुधा खरेच असतात, फक्त पहिल्या आठवड्यातले.

एप्रिल २०२५ मध्ये निन्टेंडोने ही रचना बदलून ‘व्हर्च्युअल गेम कार्ड’ (व्हीजीसी) आणलं, म्हणजे डाउनलोड केलेला गेम खऱ्या कार्डासारखा एका कन्सोलवरून काढून दुसऱ्यावर घालायचा. त्यामुळे आता जाहिरातींची भाषा बदललेली दिसते, ‘प्रायमरी’ऐवजी ‘व्हीजीसी लोडेड’ वगैरे. मूळ गोष्ट तशीच आहे: खात्याचा ईमेल ज्याच्या हातात, गेम त्याच्या हातात. निन्टेंडोच्या अटींनुसार खातं विकता किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येतच नाही, त्यामुळे कंपनीकडे दाद मागायलाही आपल्याजवळ काही उरत नाही.

आणि ही खाती येतात कुठून? काही विक्रेते स्वतः गेम घेतात. पण एप्रिल २०२० मध्ये निन्टेंडोनेच जाहीर केलं होतं की सुमारे १,६०,००० खात्यांत परक्या लोकांनी प्रवेश केला, आणि जूनपर्यंत तो आकडा ३,००,००० वर गेला. असं चोरलेलं खातं तुमच्या हातात आलं तर तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी पैशाने घेतलेले गेम खेळत असता, आणि मूळ मालकाने तक्रार केली की ते बंद होतं. आमच्या खात्याचं काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण त्यातल्या प्रोफाइलचं नाव स्पॅनिश होतं आणि त्यावर कुणा लहान मुलाने काढलेल्या असाव्यात अशा दोन ‘मी’ (Mii) बाहुल्या, म्हणजे निन्टेंडोवर आपण स्वतः बनवायची कार्टून माणसं, होत्या. ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

तक्रार आम्ही केली. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे आणि त्याचंच पोर्टल आहे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल. फोन जितक्या लवकर कराल तितकी पुढच्या खात्यात पैसे गोठण्याची शक्यता जास्त. यूपीआयच्या व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक, ज्या नावावर पैसे गेले ते नाव, यूपीआय आयडी, आणि जाहिरातीच्या पानाचा पत्ता एवढं हाताशी ठेवा. आमच्या बाबतीत पैसे देऊन बरेच दिवस उलटले होते, खात्यात काही शिल्लक नव्हतं, पैसे परत आले नाहीत. तरी तक्रारीचा क्रमांक मिळाला आणि पोलिसांकडून चौकशीचा फोनही आला. चॅट पुसलं गेल्यामुळे आमच्याकडे दाखवायला फार थोडं होतं, लेकीने मैत्रिणीला पाठवलेले दोन स्क्रीनशॉट तेवढे वाचले. म्हणून, गडबड वाटली की आधी सगळं चॅट टिपून घ्या आणि मगच समोरच्याला जाब विचारा.

लेकीच्या बेटाचं काय झालं ते आता सांगते. स्विचवर आपली प्रगती, ज्याला सेव्ह म्हणतात, ती बहुतेक गेम्समध्ये कन्सोलमध्ये आपल्या प्रोफाइलखाली साठते, गेमच्या कार्डावर (कन्सोलमध्ये घालायचं छोटं कार्ड, यालाच कार्ट्रिज म्हणतात) किंवा विक्रेत्याच्या खात्यात नाही. प्रोफाइल डिलीट केलं की ती जाते. विक्रेत्याचं ऐकून सगळी प्रोफाइल्स काढली असती तर ते सगळं जाण्याची भीती होती. आम्ही तिचं प्रोफाइल तसंच ठेवलं, ॲनिमल क्रॉसिंगचं वापरलेलं खरं कार्ट्रिज विकत घेतलं, ते घातलं आणि बेट होतं तसं उघडलं. सलगम सडले होते, अंगणभर तण माजलं होतं, बाकी सगळं जागेवर. तुमचीही अशी फसवणूक झाली असेल तर चिडून काहीही डिलीट करू नका. खरा गेम मिळाला की मुलाचा खेळ तिथूनच पुढे सुरू होऊ शकतो.

मग गेम घ्यायचे कसे? मी तरी आता पहिले गेम कार्ट्रिजवरच घ्या म्हणते. स्विचला प्रदेशाचं बंधन नाही, दुबईचं, जपानचं, अमेरिकेचं कार्ड चालतं, फक्त भाषा तपासा, आणि नंतर त्याच गेमचा वाढीव भाग (डीएलसी) विकत घ्यायचा तर तो कार्डाच्याच प्रदेशाचा लागतो. खेळून झाल्यावर ते विकता येतं, मैत्रिणीला देता येतं. वापरलेलं घेताना डबा बघून पैसे देऊ नका, स्वतःचा कन्सोल बरोबर न्या आणि गेम सुरू होऊन थोडा खेळेपर्यंत थांबा. काही डब्यांत कार्ड नसतंच, फक्त डाउनलोडचा कोड असतो आणि तो एकदा वापरला की संपला. तसं झाकणावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. स्विच २ घेतला असेल तर ‘गेम की कार्ड’ ही आणखी एक भानगड आहे. कार्डात गेम नसतो, कार्ड घालून तो डाउनलोड करावा लागतो. ही फसवणूक नाही, कंपनी झाकणावर तसं छापते आणि ते कार्ड पुढे विकताही येतं, पण घरी आणल्यावर कळण्यापेक्षा दुकानात कळलेलं बरं.

‘मॉड केलेला’, म्हणजे चोरीचे गेम चालावेत म्हणून फेरफार केलेला कन्सोल आणि त्यात भरलेले गेम्स, हेही सर्रास विकलं जातं. असा कन्सोल पकडला गेला की निन्टेंडो त्याची ऑनलाइन सेवा बंद करते, आणि पुढे ज्याने तो घेतला त्याला ते भोगावं लागतं.

ईशॉपवरूनच घ्यायचं असेल तर खातं स्वतःच्या ईमेलवर काढा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि त्या खात्याच्या देशाचं गिफ्ट कार्ड ओळखीच्या जागेवरून घ्या. परदेशात नातेवाईक असेल तर त्यालाच सांगा, आम्ही आता मामालाच सांगतो. मूळ किमतीच्या निम्म्यात गिफ्ट कार्ड देणाऱ्याकडे फिरकू नका. सुरुवातीला फुकटातही पुष्कळ काही आहे. बऱ्याच गेम्सचे डेमो ईशॉपवर असतात. ड्रॅगन क्वेस्ट ११ एसचा डेमो तर कित्येक तासांचा आहे आणि पुढे गेम घेतला तर प्रगती तशीच पुढे चालते. पोकेमॉन युनाइट आणि फोर्टनाइट फुकट आहेत, त्यांना निन्टेंडोचं पैसे भरून घ्यायचं ऑनलाइन सदस्यत्वही लागत नाही. स्टारड्यू व्हॅलीची मूळ किंमत १४.९९ डॉलर, आणि त्यावर एक मूल महिनोन्‌महिने खेळू शकतं.

४५ गेम्सपैकी आमच्या लेकीने उघडले किती, तर तिने आधी लिहून दिलेले तेच तीन. आता तिच्याकडे ॲनिमल क्रॉसिंग आणि मारिओ कार्ट दोन्ही कार्डावर आहेत. झेल्डा दिवाळीला आला.

तो विक्रेता अजून आहे. नाव बदललं आहे, मुखपृष्ठांचा चौकोन तोच आहे आणि खाली तेच जुने ‘थँक यू भाई’. आम्ही ते पान रिपोर्ट केलं आणि आमच्या तक्रारीच्या क्रमांकाला नवा पत्ता जोडायला सांगितला. तुम्हाला असं पान दिसलं आणि तुमचे पैसे गेलेले नसले तरी सायबर गुन्हे पोर्टलवर संशयित यूपीआय आयडी कळवण्याची सोय आहे, ती वापरा. तोच आयडी दुसऱ्या कुणाच्या तक्रारीतही असू शकतो.