ओपन पॉलिसी फाइंडर: रेफच्या कामात काही महिने वापरल्यानंतर

जिस्क या ब्रिटिश विद्यापीठांना डिजिटल सेवा देणाऱ्या संस्थेचं जुनं शेर्पा रोमिओ, म्हणजे लेख कुठे आणि कधी खुला ठेवता येईल याबद्दलची जर्नलांची धोरणं शोधायचं साधन, आता ओपन पॉलिसी फाइंडर या नावाखाली चालतं. ब्रिटनमधल्या विद्यापीठात रिसर्च एक्सलन्स फ्रेमवर्क या संशोधनाच्या राष्ट्रीय मूल्यांकनासाठी, म्हणजे रेफसाठी, लेख रिपॉझिटरीत (विद्यापीठाच्या ऑनलाइन लेखसंग्रहात) चढवायचे असतील तर पहिला थांबा हाच. फुकट आहे आणि शोधायला खातं उघडावं लागत नाही. काही महिने वापरल्यावरचं मत असं: जर्नलचं धोरण काय आहे ते हे साधन नीट सांगतं. लेखकाने कोणत्या करारावर सही केली ते त्याला ठाऊक नसतं, आणि घोळ बहुतेक तिथेच होतो.

शोध आयएसएसएनने, म्हणजे जर्नलच्या ओळख क्रमांकाने, करा. नावाने शोधलं तर मिळतीजुळती नावं पुढे येतात आणि घाईत भलत्याच जर्नलची नोंद उघडली जाते. नोंदीत सादर केलेली, स्वीकृत आणि प्रकाशित अशा तीन आवृत्त्या दिसतात. प्रत्येकीखाली एम्बार्गो (लेख खुला करण्याआधी थांबायचा काळ), परवाना, कुठे ठेवायला परवानगी आहे ते ठिकाण आणि अटी. परवानगी किती ते दाखवणारे पूर्वीचे हिरवा-निळा-पिवळा-पांढरा हे रंग काढून टाकले ते बरंच झालं. हिरवा दिसला की पुढचं कोणी वाचत नसे.

प्रकाशित आवृत्तीसमोर ‘एम्बार्गो नाही, सीसी बाय’ (म्हणजे श्रेय देऊन कोणालाही वापरायची मोकळीक) दिसलं की नवखा माणूस खूश होऊन प्रकाशकाचीच पीडीएफ चढवतो. तो मार्ग बहुधा खुल्या प्रकाशनासाठी प्रकाशकाला शुल्क भरलेल्या लेखांसाठी असतो. शुल्काची खूण बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘ठिकाण’ही असंच फसवं. लेखकाच्या वैयक्तिक पानावर लगेच परवानगी आणि विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत बारा महिन्यांनी, असा भेद काही प्रकाशक करतात. रेफसाठी दुसरी ओळ कामाची.

स्वीकृत आवृत्ती म्हणजे समीक्षकांच्या सूचना सामावून घेतलेला, पण प्रकाशकाने मांडणी न केलेला मजकूर. लेखक हमखास प्रूफ, म्हणजे प्रकाशकाने मांडून तपासायला दिलेली प्रत, पाठवतात. पानावर जर्नलचं बोधचिन्ह, ओळक्रमांक किंवा ‘दुरुस्तीसाठी प्रत’ असा शिक्का असेल तर फाइल परत करा. वर्ड फाइलमधल्या टिप्पण्या आणि ट्रॅक चेंजेस काढूनच पीडीएफ करा. दुसऱ्याकडून परवानगी घेऊन छापलेली चित्रं वेगळी तपासावी लागतात, कारण ती परवानगी अनेकदा फक्त जर्नलपुरती असते. त्याबद्दल फाइंडर काहीच सांगत नाही, आणि सांगू शकणारही नाही.

मुदतीचं गणित आपलं आपणच करायचं. रेफ २०२१ च्या नियमांत एम्बार्गोची कमाल मर्यादा अ आणि ब पॅनेलला (वैद्यक, विज्ञान, अभियांत्रिकी) १२ महिने, क आणि ड पॅनेलला (सामाजिक शास्त्रं, कला, मानव्यविद्या) २४ महिने होती. १ जानेवारी २०२६ पासून प्रकाशित होणाऱ्या लेखांसाठी ती अनुक्रमे ६ आणि १२ महिने झाली आहे, आणि लेख जमा करण्याची मुदत प्रकाशनापासून तीन महिने. त्यामुळे १२ महिन्यांचा एम्बार्गो मागणारं विज्ञानाचं जर्नल काल नियमात बसत होतं, आज बसत नाही. अशा वेळी लेख सादर करतानाच, स्वीकृत आवृत्ती खुली करण्याचा हक्क लेखकाने राखून ठेवल्याचं विधान हस्तलिखितात घालणं हा खरा उपाय. स्वीकृतीनंतर आठवलं तर फार उशीर होतो. यूकेआरआय या ब्रिटनच्या सरकारी संशोधन-निधी संस्थेचा निधी असेल तर नियम आणखी कडक: १ एप्रिल २०२२ पासून सादर केलेल्या लेखांना एम्बार्गो शून्य. म्हणजे एकाच लेखाला दोन नियम लागतात आणि जो कडक तो पाळायचा.

मूल्यांकन करणाऱ्या पॅनेलला प्रत देणं आणि जगासाठी लेख खुला ठेवणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. फाइंडर दुसरीबद्दलच बोलतो. पुस्तकातलं प्रकरण पॅनेलला वाचायला देता येत असलं तरी तीच फाइल रिपॉझिटरीत उघडी ठेवता येते असा अर्थ काढू नका. पुस्तकांच्या बाबतीत तसंही थेट करार काढून वाचणं बरं.

यादी मोठी असेल तर एपीआय (प्रोग्रॅममधून थेट माहिती मागवायची सोय) वापरा. चावी फुकट मिळते, उत्तर जेसन या प्रोग्रॅमला वाचता येणाऱ्या स्वरूपात येतं. परवानगीचे मार्ग यादी म्हणून येतात, आणि स्क्रिप्टने पहिलाच मार्ग उचलला तर शुल्कवाला हाती लागू शकतो. आधी शुल्काच्या रकान्यावर गाळणी लावा, मग आवृत्तीवर, मग ठिकाणावर. निधी देणाऱ्या संस्थेची पूर्वअट जोडलेले मार्ग बाजूला काढून हाताने तपासा. एम्बार्गोचा आकडा घेताना एककही घ्या; नुसता आकडा घेऊन महिने धरले की तारीख चुकते.

धोरणं गाजावाजा न करता बदलतात. म्हणून लेख जमा केला त्या दिवशीचं धोरणाचं पान पीडीएफ करून, तारखेसह, रिपॉझिटरीतल्या त्याच नोंदीला खाजगी फाइल म्हणून जोडून ठेवा. पुढे तपासणीत प्रश्न आला तर दाखवायला तेवढंच हाताशी असतं.