कृष्णद्रव्य की बदललेलं गुरुत्वाकर्षण?

सेमिनारला कोणती बाजू घेऊ, असं भाचीनं विचारलं. कोडं एकच: दीर्घिकेच्या (आपल्या आकाशगंगेसारख्या तारकाविश्वाच्या) कडेचे तारे मंदावायला हवेत, पण मंदावत नाहीत. एक उत्तर: न दिसणारं वस्तुमान, म्हणजे कृष्णद्रव्य, त्यांना ओढतं. दुसरं: गुरुत्वाकर्षणाचा नियमच वेगळा.

एकेका दीर्घिकेपुरता भौतिकशास्त्रज्ञ मिलग्रोम यांचा १९८३ चा ‘मॉन्ड’ (बदललेल्या नियमाचा सिद्धांत) सरस. त्वरण ठरावीक मर्यादेखाली गेलं की नियम बदलतो, बस. नुसत्या ताऱ्यांवरून आणि वायूवरून वेग काढता येतो. कृष्णद्रव्यवाल्यांना दरवेळी दीर्घिकेभोवती कृष्णद्रव्याचं नवं प्रभामंडल (वेढा) बसवावं लागतं.

दीर्घिकासमूहात मात्र मॉन्डलाही न दिसणारं वस्तुमान उसनं घ्यावं लागतं (मग मिळवलं काय?). बुलेट क्लस्टरमध्ये (एकमेकांवर आदळलेल्या दोन दीर्घिकासमूहांत) टकरीत वायू मागे अडकला, बहुतेक वस्तुमान पुढं निघून गेलं; म्हणजे ते वायूपासून वेगळं, न दिसणारं काहीतरी. वैश्विक पार्श्वप्रारणाशीही (विश्वाच्या बाल्यावस्थेतून उरलेल्या प्रारणाशी) कृष्णद्रव्य सहज जुळतं. त्याचा कण मात्र अजून सापडलेला नाही.

विषय ताऱ्यांच्या वेगापुरता असेल तर मॉन्ड घे. अख्खं विश्व मांडायचं तर कृष्णद्रव्य.