लावान पॅकेज: फॅक्टर अॅनालिसिस शिकायचंय ना, मग इथूनच सुरू करा

क्वांटिटेटिव्ह सायकॉलॉजीत पीएचडी करायची म्हणून कोणी विचारायला आलं की मी आधी लावान टाकून घ्यायला सांगते. आर या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमधलं फुकट पॅकेज, फॅक्टर अॅनालिसिससाठीचं, म्हणजे बऱ्याच टेस्टच्या मार्कांमागे दडलेल्या मोजक्या क्षमता (फॅक्टर) तपासण्यासाठीचं, बेल्जियमच्या गेंट युनिव्हर्सिटीतल्या ईव्ह रोसेल यांनी बनवलेलं, पेपर २०१२ चा. याच कामाचं एमप्लस हे सॉफ्टवेअर उत्तमच आहे पण त्याचं लायसन्स डॉलरमध्ये, आपल्याकडच्या विद्यार्थ्याने ते कुठून आणायचं?

मॉडेल लिहायची पद्धत तर इतकी सरळ, की कागदावर आपण फॅक्टरचा गोल काढून टेस्टच्या चौकोनांकडे बाण ओढतो ना, तेच एका ओळीत टाइप करायचं, बाणाच्या जागी =~ ही खूण, बास.

सोबत होल्झिंगर-स्वाइनफर्डचा १९३९ चा डेटा येतो, दोन शाळांतली ३०१ मुलं, ९ टेस्ट. नजर, भाषा आणि स्पीड अशा तीन फॅक्टरचं मॉडेल चालवा. मॉडेल डेटाला किती जुळतं ते सांगणारे दोन आकडे बघा. सीएफआय (१ च्या जवळ हवा) ०.९३१, म्हणजे चालेल वाटतं, आणि आरएमएसईए (० च्या जवळ हवा) ०.०९२, म्हणजे काहीतरी बिघडलंय. मग मॉडिफिकेशन इंडेक्स (कुठे बाण वाढवला तर मॉडेल सुधारेल ते सांगणारे आकडे) काढा, सगळ्यात वर नववी टेस्ट दिसते. ती स्पीडमध्ये टाकलेली, पण त्यात करायचं काय तर कॅपिटल अक्षरं सरळ रेषांची की वळणाची ते भराभर ओळखायचं, मग नजरेचा फॅक्टर तिथे डोकावणारच की! आकडा बघून टेस्टकडे परत जायचं, मेथड्सच्या कामाची खरी मजा मला यातच वाटते.

मराठीत भाषांतर केलेली स्केल (प्रश्नावली) शहरातल्या आणि गावाकडच्या मुलांमध्ये सारखीच मोजते का, हे रिव्ह्यूअर हमखास विचारतात, त्यासाठी गटवार मॉडेल लावून लोडिंग (प्रश्नाचं फॅक्टरशी नातं किती घट्ट) आणि इंटरसेप्ट (प्रश्नाची मूळ पातळी) सारखे धरायची सोय आतच आहे.

डिफॉल्ट मात्र डोळे झाकून घेऊ नका. एक उत्तर जरी रिकामं असलं तरी लावान अख्ख्या मुलाची ओळ गाळतं, एफआयएमएल (आहेत तेवढी उत्तरं वापरून घेणारी पद्धत) हवं तर तसं सांगावं लागतं. ‘अजिबात नाही’ ते ‘नेहमी’ अशी पाच पर्यायांची उत्तरं असतील तर ती ऑर्डर्ड (क्रमवार) आहेत हेही सांगा, नाहीतर ते त्यांना सलग आकडे समजतं. व्हेरियन्स (आकड्यांचा पसारा, जो खरं तर शून्याखाली जाऊच शकत नाही) निगेटिव्ह आल्याची वॉर्निंग आली तर ती वाचा, खाली ढकलून पुढे जाऊ नका प्लीज, त्यात बऱ्याचदा सँपल छोटं असतं नाहीतर मॉडेलच चुकलेलं असतं.

मल्टीलेव्हल मॉडेल (गटांमध्ये विभागलेल्या डेटाचं) लावानमध्ये दोनच पातळ्यांपर्यंत होतं. मुलं, वर्ग आणि शाळा अशा तीन पातळ्या असतील तर दुसरं काहीतरी बघावं लागेल.